ला बेर्बेना दे ला पालोमा

एक लोकप्रिय स्पॅनिश संगीतिका व तीवर आधारित चित्रपट. संगीत तोमास ब्रेतोन (१८५०–१९२३) याचे व संहिता रिकार्दो दे ला बेगा याची. पहिला प्रयोग माद्रिद येथील आपोलो रंगमंदिरात १७ फेब्रुवारी १८९४ रोजी झाला. गद्य संवाद व गायन यांचे मिश्रण असलेल्या ‘सार्सुएला’ या संगीतिकाप्रकारात ती मोडते. पालोमा मातेच्या उत्सवाच्या रात्री घडणाऱ्या या एकांकी नाट्यात मुद्रणालयातील जुळारी हुलिआन, त्याची प्रेयसी सुसाना व तिच्यावर पैसा उधळणारा वृद्ध औषधविक्रेता दोन इलारिओन यांच्यातील संघर्ष विनोदी अंगाने रंगविला असून शेवटी प्रेमिकांचा समेट होतो.

या संगीतिकेवरील होसे बुक्सचा चित्रपट (१९२१) मूकपट होता. गायन हाच जिचा प्राण, ती कृती मूकपटात आणणे वरकरणी विसंगत वाटते. तथापि चित्रपटगृहातील वाद्यवृंदाने ही उणीव भरून काढली व परिचित गीतांमुळे चित्रपट यशस्वी झाला. परिणामी १९२०–३० या दशकात सार्सुएलांवरील मूकपटांची लाटच आली. रंगभूमीच्या आधारावर जगणारा चित्रपट स्वतःची भाषा गमावतो, असा आक्षेप अशा रूपांतरांवर घेतला जाई.

बेनितो पेरोहोने सिफेसा या संस्थेसाठी काढलेला बोलपट (१९३५) या आक्षेपाला उत्तर ठरला. मिगेल लिगेरो (दोन इलारिओन), रोबेर्तो रेय (हुलिआन) व राकेल रोद्रिगो (सुसाना) यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. रंगमंचाच्या चौकटीत न मावणारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे माद्रिद पेरोहोने पडद्यावर उभे केले आणि कॅमेऱ्याची हालचाल व दृश्यांची जुळणी यांचा मेळ संगीताच्या लयीशी घातला. परदेशांत काम केलेल्या पेरोहोवर परकीय अभिरुचीचा आरोप होत असे. या अस्सल माद्रिदी चित्रपटाने मात्र प्रेक्षकांची मने जिंकली. पुढे १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्याने स्पॅनिश चित्रपटसृष्टीची ही वाटचाल खंडित झाली. चित्रपट-इतिहासकार रोमान गुबेर्न याच्या पेरोहोवरील ग्रंथाने (१९९४) या दिग्दर्शकाच्या पुनर्मूल्यांकनास चालना दिली. प्रजासत्ताक काळातील उत्कृष्ट स्पॅनिश चित्रपटांत या बोलपटाची गणना होते.

होसे लुइस साएन्स दे एरेदिआच्या रंगीत चित्रपटात (१९६३) कोंचा बेलास्को व बिसेंते पार्रा यांच्यासमवेत लिगेरोने दोन इलारिओनची भूमिका पुन्हा केली. नाट्यसंगीताचे चित्रपटीय रूपांतर म्हणून मात्र १९३५ ची आवृत्तीच अधिक महत्त्वाची मानली जाते.