लातूरहून नांदेडला निघालेला सूर्य

वर्षातून दोन दिवस लातूरमध्ये भर दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही. एक मेच्या मध्यावर, दुसरा जुलैच्या अखेरीस. आणि पाहा, मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं! सूर्य नेमका माथ्यावर येतो तेव्हा त्याला बघायला वर्गच नसतो, नाहीतर सूर्य ढगाआड असतो.

म्हणून तर संगणकावर आकाश दाखवणारं स्टेलॅरियमसारखं मोफत सॉफ्टवेअर शाळेत हवं. ठिकाण लातूर, वेळ दुपारी 12:20, आणि तारीख एकेक दिवस पुढे ढकलत राहा. जानेवारीत दक्षिणेकडे कललेला सूर्य हळूहळू वर चढतो. 13-14 मेच्या सुमारास थेट माथ्यावर! मग? थांबतच नाही. माथा ओलांडून उत्तरेला जातो आणि तीनेक दिवसांत नांदेडच्या डोक्यावर पोहोचतो. म्हणजे रोज साधारण 27 किलोमीटर, पंढरीच्या दिंडीपेक्षा जरा भरभर! पुढे त्याची चाल मंदावते. 21 जूनला उज्जैनच्या किंचित उत्तरेला, कर्कवृत्तावर, तो थबकतो आणि माघारी फिरतो. येताना आधी नांदेड, मग लातूर. या अडीच महिन्यांत लातूरकराची दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. दिल्लीत हे कधीच घडत नाही, तिथे सूर्य माथ्यावर येतच नाही.

पण हे चालतंय कोण? आपण! पृथ्वीचा आस 23.4 अंशांनी कललेला आहे आणि तो कल तसाच ठेवून ती सूर्याभोवती फिरते. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला, डिसेंबरमध्ये उलट. एवढ्या एका कलण्यामुळे लातूरची उगवतीसुद्धा वर्षभरात सुमारे 50 अंश सरकते. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे काटेकोरपणे खरं असतं ते फक्त मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास.

स्क्रीनवरचं खरं कशावरून, असं एखादी मुलगी विचारेलच. विचारायलाच हवं! 21 डिसेंबरला शाळा चालू असते, आभाळही बहुधा निरभ्र. लातूर आणि नांदेडच्या दोन शाळांनी दोन मीटरची काठी अगदी उभी रोवावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. लातूरला ती 179 सेंटिमीटरच्या आसपास भरेल, नांदेडला 184. मग फोनवर आकडे जुळवायचे. हा पाचेक सेंटिमीटरचा फरक पडतो तो पृथ्वी गोल आहे म्हणून, आणि अशाच फरकावरून ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसनं सुमारे 2,200 वर्षांपूर्वी तिचा घेर काढला होता.