शिकवायचं कधी?

पट साठपर्यंत असेल, तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्याचं गणित. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत पहिली ते पाचवीचे पाच वर्ग दोघांत वाटलेले असतात. गुरुजी प्रशिक्षणाला गेले की पाचही वर्ग बाईंच्या गळ्यात. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून चौथीचा भागाकार घ्यावा, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर निरोप येतो: पोषण आहाराची आजची संख्या भरा. डोंगराळ भागात रेंज नसली तरी माहिती ‘आजच्या आज’ हवी असते.

हा तुटक दिवसच माणसाला थकवतो.

२००९ च्या त्याच कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावू नका, असं सांगतं. अपवाद फक्त दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांचा. पण निवडणुकीच्या वाटेने बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम मागे लागतं आणि घरोघरी फिरणंही आलंच. वर्गातल्या मुलांवर हा उघड अन्याय आहे.

त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अल्पसंख्याक शाळा वगळता, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. वीस वर्षं शिकवलेल्यांनाही आता नोकरी जाण्याची धास्ती आहे.