झटपट सावलीचा हिशेब
परसातली झाडे : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण अंगणाची मोजदाद केली. भिंत कुठे, सेप्टिक टँक कुठे, विजेची तार कुठून गेली आहे, हे सगळे कागदावर आले. आता झाड ठरवायचे. रोपवाटिकेत गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘‘लवकर वाढणारं, सावलीचं काय आहे?’’ समोरून नावेही ठरलेली येतात : गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री आणि अलीकडे कोनोकार्पस. ही झाडे भराभर वाढतात यात शंका नाही. पण नुसता वेग पाहून झाड लावले तर पुढे पस्तावायची पाळी येते.

आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. सावली हवी कधी? आपल्याकडे ती हवी मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत, त्यातही एप्रिल-मे महिन्यांत. नेमके याच दिवसांत ज्याच्या अंगावर पान नाही, ते झाड कितीही उंच झाले तरी आपल्या कामाचे नाही.

या कसोटीवर गुलमोहर पाहा. मे महिन्यात भर दुपारी त्याच्याखाली उभे राहिलात तर डोक्यावर लालभडक छत असते, पण पायाखालची फरशी तापलेलीच असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पाने झडतात आणि फुलांचा बहर असतो तेव्हा नवी पालवी जेमतेम डोके काढत असते. झाड हिरवेगार होते ते पावसाळ्यात, म्हणजे सावलीची गरज संपल्यावर. शिवाय लाकूड ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या वादळात फांद्या मोडतात. मुळे वरच्या वर पसरतात आणि फरशी उचलतात. मादागास्करचा हा पाहुणा रस्त्याच्या कडेला किंवा मोठ्या मैदानात शोभतो. घराच्या भिंतीलगत नको.

रेन ट्रीची सावली मात्र झकास. पण त्याचा विस्तार मैदानाच्या मापाचा, चार खोल्यांच्या घराला तो झेपत नाही. शिवाय मुंबईत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने या जातीची कितीतरी जुनी झाडे वाळून गेली. कोनोकार्पस बारमाही हिरवा राहतो, पण त्याची मुळे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांना त्रास देतात अशा तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वड, पिंपळ आणि उंबर यांना दुरूनच नमस्कार करावा. त्यांची मुळे भिंतीतली फट शोधून काढतात.

मग लावायचे काय? देशावर आणि विदर्भ-मराठवाड्यात माझे मत दोन झाडांना : कडुनिंब आणि करंज.

कडुनिंबाची जुनी पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि पाठोपाठ तांबूस पालवी फुटते. पाडव्याला गुढीला बांधतो ती हीच कोवळी डहाळी. एप्रिलमध्ये ऊन पेटते तोवर झाड पानांनी भरलेले असते. कमी पावसाच्या मुलखात ते तग धरते, पण मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही.

जमीन चिबड असेल, काळ्या मातीत पाणी तुंबत असेल, तर करंज लावा. मुळात हे ओढ्याकाठचे आणि खाडीकाठचे झाड. ते पाण्याचा ताण सोसते, ओल सोसते आणि खारी जमीनही सोसते. वसंतात त्याची पानगळ होते, पण झाड फार दिवस उघडे राहत नाही. चकचकीत पोपटी पाने येतात आणि त्यांची सावली कडुनिंबापेक्षाही दाट पडते. पानांवर बारीक गाठी दिसतील. त्या एका सूक्ष्म कोळ्यामुळे होतात. झाडाला त्याचा फारसा अपाय नसतो, उगाच फवारणी करू नका. फुलांचा सडा आणि शेंगांचा कचरा रोज झाडावा लागेल, एवढी तयारी ठेवा.

‘‘पण ही झाडं वेळ घेतात,’’ असे कुणी म्हणेल. पहिल्या वर्षी घेतात, खरे आहे. मात्र वेग केवळ जातीवर ठरत नाही. वीतभर खड्ड्यात खोचलेले रोप आणि तीन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात शेणखत घालून लावलेले, पहिले दोन-तीन उन्हाळे नेमाने पाणी मिळालेले रोप, यांच्या वाढीत फार अंतर पडते. मध्यम गतीच्या झाडाला आपण वेग देऊ शकतो. ठिसूळ लाकडाच्या झाडाला बळ देऊ शकत नाही. निवडीचे सूत्र एवढेच आहे.

रोप घेतानाही उंचीला भुलू नका. पिशवीतून रोप अलगद काढून तळ पाहा. मुळे गोल-गोल फिरून दोराच्या वेटोळ्यासारखी बसली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिले आहे. असे सहा फुटी रोप जमिनीत गेल्यावर बराच काळ नुसते उभे राहते. मोकळ्या मुळांचे दोन-अडीच फुटी रोप त्याला गाठते आणि मागेही टाकते.

तोवरच्या सावलीसाठी पानमळ्याची रीत उचला. मिरज भागातल्या पानमळ्यांत नाजूक वेलींना आधार आणि सावली देण्यासाठी शेवरी, हादगा, शेवगा लावतात. तुम्हीही मुख्य झाडापासून आठ-दहा फुटांवर हादगा लावा. तो पहिल्याच वर्षी माणसाच्या डोक्यावरून जातो, विरळ का होईना सावली देतो आणि फुलांची भाजीही खायला मिळते. त्याचे आयुष्य मुळातच थोडे. त्याचा जोर ओसरेपर्यंत करंज हाताशी येतो.

जागा शक्यतो घराच्या पश्चिमेला निवडा. मेच्या मध्याला पुणे-मुंबईकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हाची सावली झाडाच्या बुडाशीच पडते. भिंत तापते ती दुपारनंतर. चार वाजता सावली झाडाच्या उंचीपेक्षा थोडी लांब असते. म्हणजे वीस फुटी झाड भिंतीपासून पंधरा फुटांवर असेल तर त्याची सावली भिंतीवर चढते, आणि मुळेही पायापासून लांब राहतात. कोकणात वाऱ्याचाही विचार हवा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, हे विसरून चालणार नाही. तिथे करंज किंवा भेंड लावा आणि छपरापासून अंतर वाढवा.

आणखी एक गोष्ट. शहरी हद्दीत राहत असाल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही परवानगी लागते. चूक दुरुस्त करणे सोपे नाही, म्हणून निवड आधीच नीट करा. पुढच्या लेखांकात खड्डा भरणे आणि पाणी देणे. तोवर एक काम करा : या एप्रिल-मेमध्ये आपल्या गल्लीतून भर दुपारी चक्कर मारा आणि ज्या झाडाखाली रिक्षा उभ्या असतील त्याचे नाव विचारून घ्या. आपल्या गावात कोणते झाड लावावे याचे उत्तर बहुधा तिथेच मिळेल.