हुकमाला न जुमानणारा स्नायू

'अहो, हसा की जरा!' म्हटलं की माणसं हसतात, पण फोटोत ते हसू वरून चिकटवल्यासारखं दिसतं. यात त्यांचा काही दोष नसतो. मनापासूनचं हसू हे दोन स्नायूंचं काम, आणि त्यांतला एकच मुकाट्याने आपलं ऐकतो.

ओठांचे कोपरे वर खेचणारा गालातला स्नायू आपल्या ताब्यात असतो. डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू मात्र स्वतःच्या मर्जीचा. आनंद झाला की तो आकसतो, गाल वर चढतात, खालची पापणी किंचित फुगते, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या उमटतात. मुद्दाम असं करणं सगळ्यांनाच साधतं असं नाही.

ही जोडगोळी ओळखली द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने. चेहऱ्यावर विजेचा प्रवाह सोडून तो एकेक स्नायू आकसवायचा आणि त्या क्षणाचा फोटो काढवायचा. १८६२ साली त्याने हे सगळं पुस्तकरूपात मांडलं. पुढे चार्ल्स डार्विनने त्यातलं एका म्हाताऱ्याचं विजेने आणलेलं हसू चोवीस जणांना दाखवलं. तिघांना त्यातून काहीच उमगलं नाही. बाकीच्यांना ते हसण्यासारखं वाटलं खरं, पण त्यात काहीतरी खोट आहे हेही त्यांना जाणवलं. त्याच म्हाताऱ्याचा आपसूक हसतानाचा फोटो मात्र बघताक्षणी पटत होता. चेहरा वाचायला कुणी शिकवलेलं नसतं, तरी खोटं हसू आपण असं चटकन पकडतो!

आपसूक आलेलं हसू हळूहळू उमलतं आणि बहुधा चार-पाच सेकंदांत ओसरतं. 'एक, दोन, तीन' मोजेपर्यंत ते कधीच निघून गेलेलं असतं, उरतात ते ताणलेले ओठ. म्हणून चेहऱ्याला हुकूम सोडण्यापेक्षा माणसाला कशात तरी गुंतवावं. आजी मेथी निवडत असेल तर निवडू द्या आणि तिच्या माहेरचा विषय काढा. ऑफिसातल्या मित्राला त्याच्या पहिल्या पगाराचं काय झालं ते विचारा. हात कामात आणि मन गोष्टीत असलं की कॅमेऱ्याचा विसर पडतो. आपण फक्त बटण दाबत राहायचं.

पण कुठून? इथे साधं गणित आहे. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान त्याहून साधारण १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे ४२ वर. नाक कानांच्या मानाने भलतंच जवळ आलं, म्हणून ते मोठं दिसतं आणि कान आक्रसतात. दीड मीटरवर गेलं की हेच अंतर १५० आणि १६२ होतं, फरक जवळजवळ पुसला जातो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता: दीड मीटरच्या तुलनेत ३० सेंटिमीटरवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. तेव्हा दोन पावलं मागे सरका आणि झूम करा. समोरच्यालाही तेवढंच मोकळं वाटतं.

उजेडासाठी खिडकी पुरते. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या खोबणीत सावली पाडतो. तो बंद करून माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा. मग फोटो मोठा करून बुबुळ पाहा. तिथे एक पांढरा ठिपका चमकत असतो. नीट पाहिलं तर ती चक्क खिडकीच असते, कधी गजांसकट, आणि कधी तिच्याजवळ फोन धरून उभे असलेले आपणही. डोळ्याचा ओला, गोल पृष्ठभाग आरशासारखा वागतो. हा ठिपका नसेल तर हसरा डोळाही निर्जीव भासतो.

एवढं करूनही ज्याचा फोटो तो म्हणणार, 'शी, मी असा कुठे दिसतो?' तेही खरंच. तो स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात बायकांना स्वतःचा उलटा, आरशातला चेहरा जास्त आवडला; त्यांच्या जवळच्या माणसांनी मात्र सुलट फोटो पसंत केला. ज्याला जे रोज दिसतं तेच त्याला ओळखीचं आणि गोड वाटतं. म्हणून दहा फोटोंतला कोणता ठेवायचा, हे आजीला विचारू नका. आजोबांना विचारा.