चौकट : विंडोजवरून लिनक्सकडे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार थांबला. विंडोज ११ न पेलणारे जुने संगणक भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली लावून पाहावी. डाउनलोड काही जीबींचे. मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात मोबाइल डेटा खर्ची घालण्यापेक्षा चंद्रपूर-नागपूरहून कुणाकडून तरी बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवर मागवलेले बरे. त्या पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवता येते. हार्डडिस्कवरच्या मजकुराला तोवर धक्का लागत नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत आहेत. ते उतरवून घेऊन नेटशिवाय पाहता येतात. अर्ध्या पडद्यावर धडा, उरलेल्या अर्ध्यावर आपला सराव, अशी त्यांची पद्धत.

सवयी मात्र मोडाव्या लागतात. ‘सी ड्राइव्ह’ नाही. इंग्रजी नावातले एक अक्षर लहान-मोठे झाले तरी फाइल वेगळी ठरते. दोन्ही प्रणाली एकाच संगणकात ठेवायच्या, तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करा. नाहीतर विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समधून नुसते वाचता येतात, त्यांत लिहिता येत नाही.

खरी अडचण टायपिंगवाल्यांची. कृतिदेवातले जुने अर्ज तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतात. इन्स्क्रिप्ट कळफलक येणाऱ्यांना मात्र कळांच्या जागा त्याच मिळतात. मुलचेरा तालुक्यात बंगाली वस्तीची गावे पुष्कळ. तिथल्यांना मराठी आणि बंगाली दोन्ही कळफलक एकाच वेळी जोडून ठेवता येतात, तेही फुकट.