सडपातळ अंग, तुडुंब स्नायू

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखंच. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा प्रकार ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणून गाजला. किरकोळ अंगाच्या भारतीयांना मधुमेह का होतो, याचं उत्तर वजनकाटा देत नाही, हे त्या फोटोनं दाखवून दिलं.

वजन तेवढंच आणि चरबी जास्त, याचा अर्थ स्नायू कमी. इथेच खरी अडचण आहे. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूंकडे जातो. इशारा मिळाला, की ग्लुट-4 नावाची प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. त्यातली काही ग्लायकोजेन म्हणून साठवली जाते, काही मायटोकाँड्रियात जळून एटीपी, म्हणजे स्नायूला थेट वापरता येणारी ऊर्जा, तयार होते. इन्सुलिन-प्रतिरोधात हा इशाराच नीट पोचत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावून नेतं आणि साखरेचा रिपोर्ट कित्येक वर्षं नॉर्मल येत राहतो.

इशारा अडतो कुठे? याचा शोध घेताना अमेरिकेत येल विद्यापीठाच्या जेराल्ड शुलमन यांच्या गटानं 2004 मध्येच मधुमेही आईबापांची तरुण, सडपातळ मुलं तपासली. त्यांना मधुमेह नव्हता, पण इन्सुलिन-प्रतिरोध होता. त्यांच्या स्नायूपेशींत चरबी सुमारे 80 टक्क्यांनी जास्त होती आणि मायटोकाँड्रियातली एटीपीची निर्मिती सुमारे 30 टक्क्यांनी कमी. चरबीपासून बनणारे काही पदार्थ पेशीच्या आत इन्सुलिनचा इशारा बोथट करतात. मायटोकाँड्रिया मुळातच दुबळे, म्हणून चरबी साचते, असा तर्क त्यावरून निघाला.

तो फार काळ बिनविरोध टिकला नाही. मेयो क्लिनिकमधल्या डॉ. श्रीकुमारन नायर यांनी 2008 मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांची तुलना युरोपीय वंशाच्या अमेरिकनांशी केली. भारतीयांत इन्सुलिन-प्रतिरोध जबर, पण स्नायूंची एटीपी बनवण्याची क्षमता उलट जास्तच! इंजिन ठणठणीत आहे, त्यात गरजेपेक्षा जास्त इंधन ओतलं जातंय, असं मानायला त्यामुळे जागा झाली. ‘मायटोकाँड्रियाला बळ’ देणाऱ्या महागड्या गोळ्यांची जाहिरात वाचताना हे ध्यानात असलेलं बरं.

आता ताटाकडे वळू. सकाळी पोहे, वर चहा-बिस्किटं, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी आणि भात. वरण वाटीभर, तेही पातळ. आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार भारतीय माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात. ग्लायकोजेनचा साठा भरला, की उरलेल्या साखरेची यकृत चरबी करतं आणि ती फिरून स्नायूंतही मुरते. याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. भाताऐवजी भाकरी घेतली पण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका फारसा उतरत नाही. थोडी कर्बोदकं कमी करून त्या जागी डाळी, कडधान्यं, दूध-दही घेतलं, तर फायदा दिसतो.

गंमत म्हणजे लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही भरपूर चरबी असते, तरी त्यांचं इन्सुलिन उत्तम चालतं, कारण ती चरबी रोज खर्ची पडते. शिवाय स्नायू आकुंचन पावले, की इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुट-4 वर येतात. म्हणून जेवल्यावर लगेच आडवं होण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं चालावं आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा वजनं उचलण्याचा व्यायाम करावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते.