१९०९ वर पाठवलेली तक्रार जाते कुठे?

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी माझा एसटीडी बूथ होता. रात्री पाव दर सुरू झाला की बाहेर रांग लागायची. बोलणाऱ्याची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर असायची, कारण बोलणं म्हणजे पैसे. म्हणून कुणाचा फोन आला, तर तसंच काही काम असणार हे सगळेच धरून चालत. त्या समजुतीचं पुढे काय झालं, ते मला २०२३ च्या दसऱ्याच्या आठवड्यात कळलं. वडील रुग्णालयात होते. सकाळपासून प्लॉट, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड यांचे फोन चालू होते. अनोळखी नंबर दिसला की मी कापत होतो. दुपारी कापलेल्यांपैकी एक फोन अतिदक्षता विभागातून होता. शस्त्रक्रियेसाठी सही हवी होती. अर्ध्या तासाने त्यांनी धाकट्या भावाला गाठलं. वडील बरे होऊन घरी आले, पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या आठवड्यात मी १९०९ वर तक्रारी पाठवल्या. प्रत्येकीचं उत्तर आलं, ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ का बंद केली, हे कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी ट्रायच्या, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमावल्या वाचत बसलो. माझ्याकडे पदवी नाही. पण अशा वाचनाला पदवीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

नको असलेल्या फोनांविरुद्धची पहिली नियमावली २००७ ची. ‘मला फोन करू नका’ असं सांगणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही तेव्हा सुरू झाली. दुसरी नियमावली २०१० ची, ती २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणे लागू झाली. नोंदणीकृत टेलिमार्केटरला १४० ने सुरू होणारे नंबर मिळाले. पुढे २०१२ मध्ये ट्रायने वेगळी युक्ती केली. एका सिमवरून दिवसाला १०० संदेश झाले की पुढच्या प्रत्येक संदेशाला किमान ५० पैसे. बूथवाल्याला ही भाषा लगेच कळते. फुकट असलं की माणूस बोलतच सुटतो. ही अट २०२० मध्ये काढून टाकली.

सध्याची चौकट १९ जुलै २०१८ च्या नियमावलीची. संदेश पाठवणारी संस्था, तिचं नाव आणि संदेशाचा मजकूर हे सगळं आधी ब्लॉकचेनवरच्या सामायिक वहीत नोंदवायचं आणि न जुळणारा संदेश वाटेतच अडवायचा, अशी ती व्यवस्था. ८ मार्च २०२१ ला ही चाळणी खरोखर लावली, तेव्हा बँकांचे ओटीपीच अडकले. कित्येक संस्थांनी आपले मजकूर नोंदवलेलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी चाळणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. मात्र पुढे संदेशांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी बसली. आता संदेशाच्या नावाच्या शेवटी ‘पी’ दिसला तर जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवा, ‘टी’ असेल तर व्यवहार आणि ‘जी’ असेल तर सरकारी, एवढं कुणालाही ओळखता येतं.

खरा गुंता आवाजी फोनांचा. चाळणी नोंदणी केलेल्यालाच लागते. साध्या दहा आकडी सिमवरून प्लॉट विकणारा मुलगा त्या वहीत नसतोच. त्याच्याविरुद्ध एकच हत्यार उरतं, ते म्हणजे तक्रार.

ती जाते कुठे? आधी तुमच्या मोबाइल कंपनीकडे. त्या दिवशी त्या नंबरवरून तुम्हाला खरोखर फोन आला होता का, हे ती कॉलच्या नोंदींत तपासते. आला असेल, तर तो नंबर ज्या कंपनीचा, तिच्याकडे तक्रार पाठवते. पुढची चौकशी ती दुसरी कंपनी करते, आपल्याच ग्राहकाची. तो ग्राहक एका सिमचा असेल तर ठीक. पण त्याच्याकडे पीआरआय जोडणी असेल, म्हणजे एका लाइनवर एका वेळी ३० फोन चालत असतील, तर तो महिन्याला मोठं बिल भरणारा ग्राहक असतो. घरमालकानेच आपल्या भाडेकरूची चौकशी करावी, असा हा प्रकार.

त्यात मुदतींचा खेळ. माझ्या तक्रारींच्या काळात तक्रार तीन दिवसांत करावी लागे. सात दिवसांत दहा वेगवेगळ्या लोकांनी तक्रार केली तर त्या नंबरवर कारवाईची पाळी येई, आणि त्या कारवाईला ३० दिवसांची मुदत होती. फोन कापणाऱ्यांपैकी १९०९ वर लिहिणारे किती? आणि महिनाभरात एजंट सिम बदलून मोकळा होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने बडगा उगारला. नोंदणी न केलेल्यांच्या सगळ्या जोडण्या तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश निघाला. काही आठवड्यांत २.७५ लाखांहून अधिक जोडण्या तोडल्याचं ट्रायने जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने मुदतीही बदलल्या. तक्रारीला आता सात दिवस मिळतात, दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात आणि कारवाई पाच दिवसांत व्हायला हवी. पहिल्या गुन्ह्याला १५ दिवस फोन करणं बंद, पुन्हा केलं तर वर्षभर सगळ्या जोडण्या बंद. तक्रारींचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या मोबाइल कंपनीला दोन, पाच आणि मग दहा लाखांचा दंड.

हे सगळं चांगलंच आहे. पण यात बिल्डर कुठे आहे? जोडणी तुटते ती एजंटची, दंड होतो तो मोबाइल कंपनीला. ज्याचा फ्लॅट विकला जातो, त्याला ट्राय थेट दंड करू शकत नाही. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने फोन घेणाऱ्यालाच दावा लावण्याचा हक्क दिला. बेकायदा कॉलमागे ५०० डॉलर, जाणूनबुजून केला असेल तर १,५०० पर्यंत. त्यातून केवळ दाव्यांवर जगणारे वकीलही निपजले, हे खरं. तरी आपल्याकडच्या ‘तक्रार बंद’पेक्षा ते मला बरं वाटतं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जून २०२४ मध्ये काढलेल्या मसुद्यात फोन करणाऱ्याबरोबरच करवून घेणारा आणि ज्याला त्याचा फायदा होतो, तेही धरले होते. इतकी वर्षं नियमावल्या नंबरामागे धावत होत्या. पैशामागे जाणारं हे पहिलं वाक्य माझ्या वाचनात आलं.

म्हणून मी आता फोन कापत नाही. उचलतो, प्रकल्पाचं नाव विचारतो, वहीत टिपतो आणि त्याच दिवशी तक्रार पाठवतो. परवा वडील शेजारी बसले होते. ‘‘कुणाचा रे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘प्लॉटवाल्याचा,’’ मी म्हणालो. ‘‘मग मालकाचं नाव विचार,’’ ते म्हणाले, ‘‘त्या पोराला ओरडू नकोस.’’